कॅस्टर सुटला, तो स्लॅबवरून

जानेवारीतली अमावास्या होती. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर एका मित्राची काजूची बाग आहे. तिथं आम्ही चौघं दुर्बीण घेऊन मुक्कामाला गेलो. बेळगावचे दिवे लांब राहिलेले, तीन बाजूंना रान, आणि आभाळ असं काळंभोर की मृगातला तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनी पुसट दिसत होता. दुर्बिणीतून तो बघितल्यावर एक जण तर बोलायचाच थांबला. कृत्तिका झाल्या, रोहिणी झाली, मग मी म्हटलं, आता खरं काम. आता कॅस्टर.

पुनर्वसू नक्षत्रातले दोन ठळक तारे सगळ्यांनी बघितलेले असतात. पिवळसर तो पोलक्स, पांढरा आणि किंचित मंद तो कॅस्टर. हा पांढरा ठिपका म्हणजे एक तारा नसून सहा ताऱ्यांचं एकत्र कुटुंब आहे, हे मी वाचलं होतं आणि ते डोक्यातून जात नव्हतं. सहापैकी सगळे दिसणार नाहीत हे ठाऊक होतं. खरं दोन तरी सुटे दिसतील, लहानशा दुर्बिणीतूनही दिसतात, असं सगळेच लिहितात.

मला दिसलं ते तव्यावर फसलेलं धिरडं. मध्ये ढीग, कडेला पिंजारलेलं, आणि सगळं उकळल्यासारखं हलतंय. आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी, बदलला तर धिरडं मोठं झालं, एवढंच. मित्राने डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "सहा कुठले रे, एकसुद्धा धड नाही की."

पहाटे दोनच्या सुमारास सप्तर्षी झाडांच्या वर आले तेव्हा वसिष्ठावर दुर्बीण लावली. वसिष्ठ आणि अरुंधती ही जोडी नुसत्या डोळ्यांची. (माझ्या लग्नात भटजींनी भर दुपारी मंडपाच्या पत्र्याकडे बोट करून अरुंधती दाखवली होती, आणि आम्ही दोघांनीही 'दिसली' म्हणून मान हलवली होती.) दुर्बिणीत वसिष्ठाचे स्वतःचेच दोन झाले. गंमत म्हणजे हाही सहा ताऱ्यांचाच संसार आहे. वसिष्ठाचे ते दोन तारे प्रत्येकी जोडीने राहतात, आणि अरुंधतीच्या शेजारी एक अंधूक तांबडा तारा आहे हे २००९ साली सापडलं. पण मला समाधान नव्हतं. वसिष्ठाच्या दोघांमधलं अंतर चौदा विकला (कोनाचं बारीक माप) आहे. कॅस्टरच्या दोघांमधलं सध्या साडेपाचच्या आसपास. म्हणजे माझी दुर्बीण चौदाला पास आणि साडेपाचला नापास.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगचं काम करतो. हायड्रॉलिकचे स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारे दांडे, घासून मापात आणायचे. पाच मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजारातल्या पाच भागांचा टॉलरन्स ही आमची रोजची भाकरी. त्यामुळे 'विकला' हा शब्द पुस्तकी वाटला तरी ते माप मला परकं नव्हतं. अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ भाग म्हणजे विकला, आमच्या भाषेत मिनिट आणि सेकंद. दोनशे मिलिमीटरच्या साईन बारवर, म्हणजे कोन लावायच्या पट्टीवर, एक सेकंदाचा कोन लावायचा तर खाली जेमतेम एक मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे कॅस्टरचे दोन तारे सुटे बघणं म्हणजे साईन बारवर पाच-साडेपाच मायक्रॉन ओळखणं. हे गणित कागदावर मांडलं त्या दिवशी मला त्या ताऱ्याबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला. आणि रागही आला. पाच मायक्रॉन मी दिवसभर पकडतो, मग रात्री का नाही?

दुर्बीण सहा इंची आरशाची, डॉब्सोनियन, म्हणजे हाताने ढकलून फिरवायच्या साध्या बैठकीवरची, जुनी विकत घेतलेली. नळी बाराशे मिलिमीटर फोकसची. पंचवीसच्या आयपीसने ४८ पट, दहाच्याने १२० पट. सहा इंची आरसा तत्त्वतः एका विकलेच्या आतली जोडीही सोडवतो. तेव्हा साडेपाचला हात टेकणं म्हणजे आरसा तरी टाकाऊ, नाहीतर माझं काहीतरी चुकतंय. शॉपमध्ये पार्ट रिजेक्ट झाला की पहिला प्रश्न असतो, मशीन की गेज? तोच प्रश्न इथं.

तपासायला खोटा कॅस्टर बनवला.

हिशेब साधा आहे. एक मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके साडेसदतीस मीटर लांबून बघितले, की त्यांच्यात साडेपाच विकलांचा कोन होतो. शिमच्या पातळ पट्टीवर एक मिलिमीटर अंतराने पॉइंट चार मिलिमीटरची दोन भोकं पाडली. त्यात तीन ड्रिलं मोडली, ती कुणाच्या खात्यावर गेली ते विचारू नका. पट्टीमागे टॉर्च, टॉर्चवर बटर पेपर, आणि हा सगळा सरंजाम रात्री साडेनऊला बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या गल्लीत एका टोकाला स्टुलावर ठेवला. टेप लावून साडेसदतीस मीटर मोजले. तिथं शेजाऱ्यांच्या दारासमोर दुर्बीण आडवी करून बसलो. इतक्या जवळची वस्तू फोकस करायला आयपीस नेहमीपेक्षा चार सेंटीमीटर बाहेर लागतो. तेवढा फोकसर, म्हणजे आयपीस मागेपुढे करणारा भाग, बाहेर येत नाही, म्हणून आयपीस हाताने ओढून धरावा लागला.

गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाने थांबून विचारलं. दोन कुत्री स्टुलाखाली येऊन बसली. बायको दारातून म्हणाली, "लोक काय म्हणतील वो, रस्त्यात टॉर्च लावून बसलायसा."

खोटा कॅस्टरही सुटला नाही. ठिपके एका बाजूला शेपटी फुटल्यासारखे ओघळलेले. मला मात्र हायसं वाटलं, कारण आता दोष आभाळाचा नव्हता. ताऱ्याला एकाच बाजूने शेपूट दिसली की आरसे एका रेषेत नाहीत असं समजायचं. जांबोटीच्या रस्त्यावर मागच्या सीटवर आडवी टाकून नेलेली दुर्बीण, प्रत्येक खड्ड्याला आदळलेली. लेथवर टेलस्टॉक सेंटरला नसेल तर कितीही चांगलं टूल लावा, टेपरच, म्हणजे निमुळता दांडाच येणार.

पुढचा रविवार त्यात गेला. नायलॉनचा रॉड घेऊन फोकसरमध्ये घट्ट बसेल असा सव्वा इंची प्लग टर्न केला आणि बरोबर मध्यात दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. त्यातून एक डोळा घालून बघायचं. समोरच्या छोट्या तिरप्या आरशात मोठा आरसा पुरता, गोल आणि मधोमध दिसला पाहिजे. मोठ्या आरशाच्या मध्यावर खूण नव्हती. म्हणून तो बाहेर काढून, मधोमध कागदाची एक चिमुकली रिंग चिकटवली. त्या जागी छोट्या आरशाची सावली पडते, त्यामुळे खुणेने काही बिघडत नाही. तरी तो आरसा उघड्या हातात घेतल्यावर मला घाम फुटला होता. पन्नास किलोचा चक उचलताना कधी फुटला नाही. मग मागच्या तीन बोल्टांशी खेळत रिंग मध्यावर आणली. या सगळ्याला कोलिमेशन म्हणतात. दुर्बीणवाल्या मंडळींमध्ये त्याची फार दहशत आहे. ज्याने कधी चार जॉच्या चकमध्ये डायल लावून जॉब सेंटर केलाय, त्याला दहा मिनिटांचं काम आहे.

रात्री पुन्हा गल्ली, पुन्हा स्टूल, पुन्हा कुत्री. १२० पटीत दोन गोल ठिपके, मध्ये स्वच्छ काळी फट. मशीन ठीक होतं.

म्हणून त्याच रात्री स्लॅबवर गेलो, खरा कॅस्टर लावला, आणि पुन्हा धिरडं.

यापुढचे तीन आठवडे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात घडलं काहीच नाही. रोज रात्री वर जायचं, अर्धा तास डोळे फोडायचे, खाली यायचं. त्यातून तीन गोष्टी कळल्या. आरसा खोलीतून बाहेर आणला की तो थंड होईपर्यंत त्याच्यावरून गरम हवा वर येत राहते, रस्त्यावर उन्हात दिसते तशी. सहा इंची आरशाला त्यासाठी तासभर द्यावा लागतो. दुसरं, स्लॅब. दिवसभर तापलेलं काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतं आणि आपण नेमकी त्याच्यावर दुर्बीण मांडतो. तिसरी गोष्ट कळायला सगळ्यात वेळ लागला, कारण ती उलटी आहे. तारे लुकलुकणारी, कविता सुचेल अशी रात्र जोडताऱ्यांसाठी एकदम वाया. लुकलुकणं म्हणजे वरची हवा ढवळली जाणं. जांबोटीला आभाळ काळं होतं, खरं वारा सुटला होता आणि सगळे तारे थरथरत होते. मंद तेजोमेघाला अंधार लागतो. कॅस्टर रस्त्यावरच्या दिव्यातही ढळढळीत दिसणारा तारा, त्याला अंधाराची काय पडलीय? त्याला हवी निवांत हवा. आणि ती मला जंगलात नाही, अनगोळात मिळाली.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. दिवसभर उकाडा, संध्याकाळपासून आभाळात धुरकट पडदा, झाडाचं पान हलत नव्हतं. खालच्या गल्लीत दिव्यांभोवती गोल वलयं दिसत होती. बायको म्हणाली, "आज आभाळ कुठाय वो? कशाला ते धूड वर नेतासा?" मोजून वीस तारे दिसत असतील. पण एकही हलत नव्हता, खिळे ठोकल्यासारखे. दुर्बीण मी सहालाच वर नेऊन ठेवली होती. स्लॅबवर चार बादल्या पाणी मारलं होतं, त्यावरून समोरच्या घरातून विचारणा झाली की नवीन मजला चढवताय काय.

पावणेदहाला कॅस्टर जवळपास डोक्यावर आला. आपल्याकडून तो खमध्याच्या, म्हणजे डोक्यावरच्या बरोबर मध्याच्या, थोडा उत्तरेला, चांगला चौऱ्याहत्तर अंश उंचीवरून जातो. ही बेळगावकरांची चैनच आहे. जितका तारा वर तितकी त्याच्या आड येणारी हवा कमी. त्रास एकच, की डॉब्सोनियनला डोक्यावरचा तारा पकडणं जड जातं. नळी उभी झाल्यावर ती ढकलायची कुठं तेच कळत नाही.

४८ पटीत तांदळाचा दाणा दिसला. लांबट, टोकदार. छातीत धडधडलं. आयपीस बदलला, फोकसचं चाक केसभर मागेपुढे केलं, आणि थांबलो. आधी एक थरथर. मग सगळं स्थिर झालं आणि ते दोन होते. बेअरिंगच्या दोन गोळ्या जवळजवळ ठेवाव्यात आणि मध्ये फिलर गेजची पट्टी जाईल इतकी फट राहावी, तसे. दोघांभोवती एक एक बारीक कडी. एक जरा ठळक, एक जरा कमी. दोन-तीन सेकंद टिकले, पुन्हा हलले, पुन्हा जुळले. पुढचा अर्धा तास मी ते हलणं आणि जुळणंच बघत बसलो.

तरी मनात शंका होतीच. आपण महिनाभर दोनच बघायचे ठरवून बसलोय, तर डोळा दोन दाखवणारच. ज्याने पार्ट बनवला त्याने तो तपासायचा नसतो, हा शॉपचा नियम आहे. शेजारच्या स्लॅबवर हुबळीकडच्या अज्जी वाळवण झाकायला आल्या होत्या. आमच्या दोन्ही गच्च्यांमध्ये गुडघाभर कठडा.

"एन नोडाकत्तीरी, तम्मा?" काय बघताय, म्हणाल्या.

त्यांना हात देऊन अलीकडे घेतलं. काय दिसेल ते मुद्दाम सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, बघा आणि काय दिसतंय ते सांगा. अज्जींचं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा काढून बघितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी मध्ये एकदा नळी सरकवून दिली.

"एरड अदाव," अज्जी म्हणाल्या. दोन आहेत. मग पुन्हा डोळा लावून, "ओंद दोड्डदु, ओंद सण्णदु." एक मोठा, एक बारका.

माझा इन्स्पेक्शन रिपोर्ट तिथंच सही झाला. तरी मुलीलाही उठवून वर आणलं. तिच्या हातात गोल काढलेला कागद दिला आणि जसं दिसतं तसं ठिपके मांड म्हटलं. दुर्बीण न हलवता सोडली की तारा आपला आपण एका कडेने बाहेर जातो, ती कड पश्चिम. तिने काढलेल्या चित्रात मोठा ठिपका पुढे होता आणि छोटा मागून तिरका येत होता. पुस्तकातही तसंच आहे, छोटा ईशान्येकडे. "मोठा भाऊ पुढे, छोटा मागे," ती म्हणाली. झोपेत होती, तरी बरोबर बोलली.

मग तिला हर्शेलची गोष्ट सांगितली. विल्यम हर्शेल जवळजवळ दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या मोजत होता त्या वेगळ्याच कारणाने. एक तारा जवळचा, एक लांबचा, योगायोगाने एका रेषेत आलेले, असं समजून त्याला जवळच्या ताऱ्याचं अंतर काढायचं होतं. वर्षानुवर्षं मोजल्यावर दिसलं की हे एकमेकांभोवती फिरतायत. १८०३ साली त्याने कॅस्टरबद्दल हे मांडलं. सूर्यमालेच्या बाहेरही तेच गुरुत्वाकर्षण चालतं, याचा तो डोळ्यांनी दिसलेला पुरावा. या दोघांची एक फेरी साधारण साडेचारशे वर्षांची. १९६०च्या दशकात, आमचे वडील मुलगे होते तेव्हा, हे आपल्याला सगळ्यात जवळ दिसत होते, दोन विकलांच्याही आत. तेव्हापासून ते सुटे सुटे होत आलेत. त्या काळी मी हा उद्योग केला असता तर आणखी तीन आठवडे गेले असते.

"मग सहा कुठले?" मुलीने विचारलं.

तिसरा दोन दिवसांनी सापडला, हवा जरा स्वच्छ झाल्यावर. या दोघांच्या दक्षिणेला एकाहत्तर विकलांवर, नवव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), मंद. वाटतं इतकं अवघड नव्हतं. मुख्य जोडीचं तेज टाळायला नजर किंचित बाजूला न्यायची, की तो चमकतो. काही जण तांबडा म्हणतात. मला तो विझत आलेल्या उदबत्तीसारखा वाटला, पण आपल्याला हवं ते दिसतं हे मी आधीच कबूल केलंय. हाही याच कुटुंबातला, आपल्यापासून एकावन्न प्रकाशवर्षांवर, आणि मधल्या दोघांभोवती त्याची फेरी हजारो वर्षांची.

आता या तिघांपैकी प्रत्येक जण पुन्हा दोन आहे. मोठ्याची जोडी नऊ दिवसांत एकमेकांभोवती फिरते, दुसऱ्याची तीन दिवसांच्या आत, आणि तिसऱ्या मंद ठिपक्यातले दोन तांबडे तारे एकोणीस-साडेएकोणीस तासांत. इतके जवळ आहेत की माझ्या दुर्बिणीतून तर कधीच सुटणार नाहीत. मग ते आहेत हे कळलं कसं? मुलीला मी बेळगावातल्या 'दुसरं रेल्वे गेट' म्हणतात त्या गेटची आठवण दिली. गेट पडलंय, गाडी येते तेव्हा शिट्टी बारीक, चढी ऐकू येते, आणि समोरून निघून गेली की तीच शिट्टी एकदम जाड होते. प्रकाशाचंही तसंच होतं. आपल्याकडे येणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, लांब जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. एका ठिपक्याच्या प्रकाशात त्या रेषा ठरावीक दिवसांनी मागेपुढे झुलायला लागल्या, की आत कुणीतरी कुणाभोवती फिरतंय हे कळतं. गाडी दिसत नसली तरी गेटवरच्या माणसाला ती आली की गेली ते कानानेच समजतं.

शेवटच्या जोडीत आणखी एक सोय आहे. ते दोघं फिरताना आपल्या नजरेच्या रेषेत एकमेकांच्या आड येतात. एका फेरीत दोनदा, म्हणजे पावणेदहा तासांनी एक ग्रहण, आणि त्या वेळी तो मंद ठिपका आणखी मंद होतो. ते पकडायचं माझ्या मनात आहे. मार्चमध्ये दोन रात्री बसलो. पहिल्या रात्री ढग आले. दुसऱ्या रात्री ठिपका मंद झाला असं मला वाटलं, पण तेव्हा आयपीसवर दव साचलं होतं. मुलीने शांतपणे रुमाल दिला.

आता एप्रिल आहे. पुनर्वसू अंधार पडल्यावर पश्चिमेकडे कलताना दिसतो, आणि उन्हाळ्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत पाय भाजतो. तरी मी वर असलो की अज्जी कठड्याजवळ येतात. पापडाचं वाळवण गोळा करता करता विचारतात, "इवत्त एष्ट?" आज किती?

"मूरु," मी सांगतो. तीन.

सहाचे पैसे देऊन तीनचाच माल मिळाल्यासारखा चेहरा करतात, आणि पाटी उचलून खाली जातात.